वाद, वंशावळ आणि चित्र : विश्वकलेच्या इतिहासाचे आकलन

१

विश्वकलेच्या इतिहासाकडे वळणाऱ्या अभ्यासकाला प्रथम भेटतात ती चित्रे नव्हेत, तर नावे. प्रबोधनकालीन कला, बरोक, रोकोको, नवअभिजाततावाद, स्वच्छंदतावाद, वास्तववाद, दृक्प्रत्ययवाद, घनवाद, अतिवास्तववाद अशी नामावळी पाठ झाली की इतिहास हाती आला, असा समज पाठ्यपुस्तकांनी दृढ केला आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा अनुभव अपरिचित नाही. वाङ्मयेतिहासातही कालखंडांची आणि संप्रदायांची नावे आधी कळतात. कविता पुष्कळदा त्यानंतर वाचली जाते, आणि वाचताना त्या नावाची लक्षणे तिच्यात शोधली जातात. मग जी कविता लक्षणांत बसत नाही ती दुय्यम ठरते, किंवा दिसतच नाही.

तरीही नावांशिवाय इतिहास लिहिता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. सुट्या कलाकृतींची रास म्हणजे इतिहास नव्हे. दोन चित्रांमधील साम्य वा विरोध सांगायचा तर त्यांना कोठल्या तरी समान संज्ञेखाली आणावेच लागते. म्हणून प्रश्न चळवळींच्या आधारे कलेतिहास समजून घ्यावा की नाही असा नाही; या साधनाने काय दिसते आणि काय झाकले जाते, असा आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठी भाषेने या चळवळींना जोडलेले ‘वाद’ हे उत्तरपद उपयोगी पडते. युरोपीय भाषांतील प्रत्ययाने प्रामुख्याने सिद्धान्ताचा किंवा मतप्रणालीचा बोध होतो. मराठीतील ‘वाद’ या शब्दात सिद्धान्ताबरोबर तंटा आणि संभाषण हे अर्थही जिवंत आहेत. प्रत्येक कलावाद हा कोणाशी तरी घातलेला वाद असतो. प्रतिपक्ष विसरला गेला की उरते ते केवळ लेबल.

२

कलेच्या इतिहासाची मांडणी चळवळींच्या क्रमाने करावी, ही कल्पना स्वयंसिद्ध नाही. तिलाही इतिहास आहे. जॉर्जो वासारी याने १५५० मध्ये इटालियन कलावंतांची चरित्रे प्रसिद्ध केली आणि १५६८ मध्ये त्यांची वाढीव आवृत्ती काढली. त्याने कलेच्या पुनरुज्जीवनाचे तीन टप्पे कल्पिले. ती जणू बाल्य, तारुण्य आणि प्रौढत्व यांतून गेली आणि मायकेलअँजेलोपाशी परिपूर्ण झाली, असा त्याचा आराखडा होता. या कथेला नायक हवा होता तसा खलनायकही. तो मध्ययुगीन वास्तुकलेच्या रूपाने मिळाला. रोमचा विध्वंस करणाऱ्या गॉथ टोळ्यांशी तिचे नाते जोडले गेले आणि ‘गॉथिक’ हा शब्द निंदावाचक म्हणून रूढ झाला. वस्तुतः ज्या बांधणीपासून ही शैली सुरू झाली असे मानले जाते, त्या पॅरिसजवळच्या सँ-दनी येथील चर्चचा पूर्वभाग ११४४ मध्ये समर्पित झाला. गॉथ टोळ्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. इतिहासातील एक महत्त्वाची संज्ञा अशी एका शिवीतून जन्मली.

पुढे १७६४ मध्ये विंकेलमानने प्राचीन कलेच्या इतिहासात व्यक्तिचरित्रांऐवजी शैलीची वाढ, बहर आणि ऱ्हास यांना मध्यवर्ती स्थान दिले. हाइन्रिश व्हल्फलिनने १९१५ च्या ग्रंथात प्रबोधनकालीन आणि बरोक कलेतील भेद रेषात्मक व रंगात्मक, बंदिस्त व मुक्त अशा पाच संकल्पनाजोड्यांनी स्पष्ट केला आणि व्यक्तिनामांवाचूनच्या कलेतिहासाची शक्यता सूचित केली. चरित्राकडून शैलीकडे आणि शैलीकडून चळवळीकडे असा हा प्रवास आहे. शैली नकळत घडू शकते. चळवळीला मात्र आत्मभान लागते. या दोन्हींना एकाच साखळीत ओवणे ही पाठ्यपुस्तकांची पहिली गफलत होय. बरोक शिल्पकार बेर्नीनी स्वतःला ‘बरोक’ म्हणवीत नव्हता. मारिनेत्ती मात्र स्वतःला भविष्यवादीच म्हणवीत होता.

युरोपबाहेर पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. वासारीच्या आधी सुमारे सात शतके, ८४७ मध्ये, चीनमध्ये चांग यान-युआन याने पूर्वकालीन चित्रकारांचा इतिहास सिद्ध केला होता. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळात तुंग छी-छांग या चित्रकार-समीक्षकाने चिनी चित्रकारांची ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ अशा दोन परंपरांत विभागणी केली. या दिशा भौगोलिक नव्हत्या. ध्यानमार्गी बौद्ध संप्रदायातील फुटीवरून त्या घेतलेल्या होत्या. दक्षिण परंपरेत विद्वान, स्वान्तःसुखाय चित्रे काढणारे. उत्तर परंपरेत दरबारी आणि व्यावसायिक. स्वतः तुंग कोणत्या बाजूला होता, हे सांगण्याची आवश्यकता नाही. वंशावळ रचणारा आपले स्थान तिच्यात आधीच निश्चित करून ठेवतो, ही गोष्ट फ्लॉरेन्सइतकीच चीनमध्येही खरी ठरते.

भारतीय परंपरेने वेगळा मार्ग धरला. विष्णुधर्मोत्तर पुराणातील ‘चित्रसूत्र’ चित्रांचे सत्य, वैणिक, नागर आणि मिश्र असे चार प्रकार सांगते. ही वर्गवारी प्रकारांची आहे, काळाची नव्हे. कोणता प्रकार आधीचा, कोणता नंतरचा, कोणी कोणाला मागे टाकले, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. याला ऐतिहासिक दृष्टीचा अभाव म्हणण्याची घाई करू नये. एकाच काळी अनेक रीती शेजारीशेजारी नांदू शकतात, हे या वर्गवारीत गृहीत आहे. आणि चळवळींच्या साखळीला नेमके हेच मान्य करणे जड जाते.

३

चळवळींना नावे कशी मिळतात हे पाहिले तर त्यांचे तीन गट पडतात. काही नावे उपहासातून येतात, काही जाहीरनाम्यातून, तर काही इतिहासकाराच्या पश्चाद्बुद्धीतून.

उपहासाचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण दृक्प्रत्ययवादाचे. १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये, नादार या छायाचित्रकाराच्या पूर्वीच्या स्टुडिओत, सुमारे तीस कलावंतांचे स्वतंत्र प्रदर्शन उघडले. मोनेच्या सूर्योदयाच्या चित्राच्या शीर्षकातील एक शब्द उचलून लुई लरवा याने एका विनोदी पत्रात सगळ्या प्रदर्शनाची टर उडवली. तो शब्द चिकटला; १८७७ च्या तिसऱ्या प्रदर्शनात कलावंतांनी तो स्वतःहून मिरवला. आता या नावाखाली कोण होते? १८७४ ते १८८६ या काळात आठ प्रदर्शने झाली. त्या सर्वांत भाग घेणारा चित्रकार एकटा पिसारो. देगाला हे नाव आवडत नव्हते आणि उघड्यावर बसून निसर्ग रंगवणे त्याला मानवतही नव्हते. तो नर्तकींच्या तालमी रंगवीत होता. ज्याला या गटाचा अग्रणी समजले जाते त्या मानेने यांतील एकाही प्रदर्शनात चित्र ठेवले नाही. बेर्त मोरिझो एक अपवाद वगळता सर्व प्रदर्शनांत होती, तरी लोकप्रिय कथनात तिचे नाव मोने-रनवार यांच्या मागून येते.

म्हणजे ‘उघड्यावर, प्रकाशाचे क्षणिक संस्कार टिपणारी चित्रकला’ ही व्याख्या गटातील सर्वांना लागू पडत नाही. सर्वांना लागू पडते ती गोष्ट निराळीच आहे : ‘सालों’ या अधिकृत वार्षिक प्रदर्शनाच्या परीक्षकांशी असलेला वाद. १८६३ मध्ये नाकारलेल्या चित्रांचे वेगळे प्रदर्शन सम्राटाच्या आज्ञेने भरवावे लागले होते. त्या प्रसंगापासून चालत आलेल्या असंतोषाचे १८७४ चे प्रदर्शन हे संघटित रूप होय. त्यामागे भौतिक कारणेही होती. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये कथलाच्या नळीचे पेटंट घेतले आणि तयार तैलरंग घेऊन बाहेर पडणे सुकर झाले. रेल्वेने पॅरिसची उपनगरे जवळ आणली. १८३९ मध्ये जाहीर झालेल्या छायाचित्रणाने हुबेहूबपणाची मिरास चित्रकाराकडून काढून घेतली. द्युरां-र्‍युएलसारख्या विक्रेत्याने सालोंबाहेरची बाजारपेठ उभी केली. ही सर्व सामग्री ‘दृक्प्रत्ययवाद’ या एका शब्दात दडलेली आहे. शब्द उकलला तर इतिहास मिळतो. शब्दच इतिहास मानला तर काहीच मिळत नाही.

घनवादाची कथाही अशीच. लुई व्होसेल या समीक्षकाने १९०५ मध्ये मातीस आणि त्याच्या सहकाऱ्यांना ‘हिंस्र पशू’ म्हटले (मराठीत ज्याला रंगभारवाद म्हणतात त्याचे नाव तेथून आले) आणि १९०८ मध्ये ब्राकच्या चित्रांत सारे काही घनाकृतींत आटवले जाते असा शेरा मारला. १९११ मध्ये पॅरिसच्या एका स्वतंत्र प्रदर्शनात घनवाद्यांचे दालन गाजले. पण त्यात पिकासो नव्हता आणि ब्राकही नव्हता. १९१२ मध्ये घनवादावरील पहिला ग्रंथ लिहिला तो ग्लेझ आणि मेत्झांजे यांनी. चळवळीचे जनक चळवळीच्या जाहीर जीवनाबाहेर आणि तिचे प्रवक्ते दुसरेच, असा हा प्रकार.

तिसऱ्या गटाचे उदाहरण म्हणून रॉजर फ्रायने १९१० मध्ये लंडनला भरवलेल्या प्रदर्शनाचे नाव घेता येईल. सेझान, गोगँ आणि व्हान गॉख हे तिघेही तोवर दिवंगत झाले होते. त्यांच्या कलेतील परस्परभेद मोठे. फ्रायने त्यांना ‘उत्तर-दृक्प्रत्ययवादी’ या कालवाचक नावाखाली एकत्र आणले. येथे नाव काही सांगत नाही. ते केवळ आधीच्या नावानंतरची जागा दाखवते. तरीही ते टिकले, कारण अनुक्रम लावण्याची इतिहासाची गरज त्याने भागवली.

४

विसाव्या शतकाच्या आरंभी चित्र पालटले. आता नाव आधी आणि कलाकृती मागून, असा क्रम दिसू लागला. २० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या ‘ल फिगारो’ या दैनिकात मारिनेत्तीचा भविष्यवादी जाहीरनामा प्रसिद्ध झाला, तेव्हा भविष्यवादी म्हणता येईल असे चित्र अस्तित्वात नव्हते. चित्रकारांचा जाहीरनामा आला तो १९१० मध्ये. १९२४ चा अतिवास्तववादी जाहीरनामा आंद्रे ब्रतों या कवीचा. चित्रकलेचा सविस्तर विचार त्याने १९२८ मध्ये केला. दोन्ही चळवळी साहित्यात उगवल्या आणि मग चित्रकलेत पसरल्या. साहित्याच्या अभ्यासकाने ही बाब विशेषत्वाने लक्षात घ्यावी. आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात शब्दाचा वाटा आनुषंगिक नाही. अनेकदा तो प्रवर्तक आहे.

या वादांचे स्वरूप तपासण्यासाठी भारतीय न्यायदर्शनातील एक जुना भेद उपयोगी ठरतो. न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार मानले आहेत : सत्य जाणण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करणे ती वितंडा. वस्तूकडे एकाच स्थिर बिंदूतून पाहणे हेच खरे पाहणे काय, हा पिकासो-ब्राक यांनी चित्रांतून विचारलेला प्रश्न पहिल्या अर्थाने वाद होय. संग्रहालये उद्ध्वस्त करण्याची आणि युद्धाचा गौरव करण्याची मारिनेत्तीची भाषा जल्पाच्या जातीची. तिचे पुढे फासिस्ट राजवटीशी जुळलेले नाते त्या जातीशी विसंगत नाही. आणि १९१६ मध्ये, महायुद्ध चालू असताना, झुरिकच्या ‘काबारे व्होल्तेर’मध्ये जन्मलेला दादावाद ही वितंडा होती, परंतु ज्या संस्कृतीच्या तर्कशुद्ध भाषेने युरोपला खंदकांत लोटले, तिच्यापुढे कोणताही पक्ष न मांडणे हीच तेथे नैतिक भूमिका ठरली. ही तुलना दूरान्वयाची वाटेल. परंतु सगळ्या ‘वादां’ना एका मापाने मोजण्याची सवय ती मोडते, एवढा तिचा उपयोग निश्चित आहे.

५

चळवळींच्या इतिहासाची सर्वात प्रभावी आकृती १९३६ मध्ये तयार झाली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे संचालक आल्फ्रेड बार यांनी घनवाद आणि अप्रतिरूप कला या विषयावरील प्रदर्शनासाठी एक तक्ता आखला. कडेला १८९० ते १९३५ ही वर्षे. वरून खाली बाणांनी जोडलेले वाद. आणि तळाशी अप्रतिरूप कलेचे दोन प्रवाह, एक भौमितिक, दुसरा अभौमितिक. घराण्याची वंशावळ असावी तसा हा तक्ता आहे. पुढची अनेक दशके संग्रहालयांची दालने आणि विद्यापीठांचे अभ्यासक्रम याच आकृतीच्या छायेत रचले गेले.

या तक्त्यात काही चौकटी लाल रंगात आहेत : जपानी मुद्राचित्रे, निकटपूर्वेची कला, निग्रो शिल्प आणि यंत्रसौंदर्य. त्यांतून बाण निघतात, पण त्यांच्याकडे एकही बाण येत नाही. युरोपीय वादांना पूर्वज आणि वंशज आहेत; जपान आणि आफ्रिका यांना इतिहास नाही, ते केवळ उगमस्थान आहेत. यंत्राच्या पंक्तीला बसवलेली ही संस्कृती कच्चा माल पुरवते. पक्का माल पॅरिसमध्ये तयार होतो. बार यांचा हेतू अवमानाचा नव्हता. उलट हे ऋण त्यांनी स्पष्टपणे नोंदवले. दोष आकृतीच्या घडणीत आहे.

वस्तुस्थिती काय सांगते? व्हान गॉखने १८८७ मध्ये हिरोशिगेच्या १८५७ च्या पावसाच्या चित्राची तैलरंगांत प्रतिकृती केली, हे सर्वश्रुत आहे. परंतु जपानी मुद्राचित्रकार अठराव्या शतकातच पाश्चात्त्य यथादर्शन अभ्यासत होते. आणि १८३१ च्या सुमाराच्या होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेतील निळा हा युरोपात शोधलेला प्रशियन निळा आहे. फ्रेंच चित्रकारांना जे शुद्ध पौर्वात्य वाटले त्यात युरोप आधीच मिसळला होता. त्याहून जुने उदाहरण मोगल चित्रशाळेचे. १६०० मध्ये तेरा वर्षांच्या अबुल हसनने ड्यूररच्या १५११ च्या कोरीवचित्रातील संत जॉनची आकृती रेखाटली. आणि अर्ध्या शतकानंतर ॲम्स्टरडॅममध्ये रेम्ब्रांटने मोगल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटने केली. या देवघेवीला कोणत्याही वादाचे नाव नाही. म्हणून चळवळींच्या इतिहासात तिला तळटीपेपलीकडे जागा मिळत नाही. बाण एकाच दिशेने जातात हा समज मोडण्यास मात्र ही रेखाटने पुरेशी आहेत.

६

वंशावळीचा खरा जाच जाणवतो तो तिच्या बाहेर राहिलेल्यांना. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यात ‘इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट’च्या विद्यमाने बाउहाउसच्या कलावंतांची चित्रे भारतीय चित्रकारांच्या चित्रांबरोबर मांडली गेली. क्ले आणि कँडिन्स्की यांच्या कृती त्यात होत्या. याच सुमारास गगनेंद्रनाथ टागोर घनवादी घडणीची चित्रे काढीत होते. स्टेला क्रामरिश यांनी त्यांची स्वतंत्र दखल घेतली. १९५९ मध्ये डब्ल्यू. जी. आर्चर यांनी मात्र आधुनिक भारतीय कलेवरील ग्रंथात ही चित्रे घनवादाच्या निकषावर उणी ठरवली. गगनेंद्रनाथांना वस्तूचे विश्लेषण करायचेच नव्हते. प्रकाशाच्या तुटक कवडशांतून एक कल्पित, काहीसे नाट्यमय अवकाश उभे करायचे होते. प्रश्न वेगळा असताना दुसऱ्याच्या उत्तराशी तुलना करून गुण दिले गेले. पार्थ मित्तर यांनी २००७ च्या ग्रंथात या दृष्टिदोषाची चिकित्सा केली आहे : युरोपीय कलावंताने आफ्रिकेकडून घेतले तर ती प्रतिभा आणि भारतीयाने युरोपकडून घेतले तर ते अनुकरण, हा दुहेरी न्याय होय.

१९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेला प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप याच संदर्भात पाहावा. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे या सहा जणांच्या शैलींत समान असे थोडेच आढळते. समान होता तो प्रतिपक्ष : एकीकडे कलाशाळेतील ठरीव वास्तवदर्शन, दुसरीकडे पुनरुज्जीवनवाद्यांची हळवी पौराणिकता. ‘अभिव्यक्तिवादाचा भारतीय आविष्कार’ असे या गटाचे वर्णन केले की त्याची शैली तक्त्यात बसते, पण त्याचा वाद हरवतो.

हा अन्याय केवळ पूर्वेच्या वाट्याला आला असे नाही. हिल्मा आफ क्लिंट या स्वीडिश चित्रकर्तीने १९०६ पासून अप्रतिरूप चित्रे रंगवण्यास प्रारंभ केला. ती कोणत्याही आधुनिक गटात नव्हती, तिचा जाहीरनामा नव्हता, आणि आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षे ही चित्रे दाखवू नयेत अशी तिची इच्छा होती. १९४४ मध्ये ती वारली. १९८६ च्या लॉस एंजेलिसमधील प्रदर्शनात ही चित्रे मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे आली आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातील प्रदर्शनानंतर अप्रतिरूप कलेच्या आरंभाची कथाच पुन्हा तपासणे भाग पडले. चित्रे होती, त्यांना जोडणारा बाण नव्हता, म्हणून ती इतिहासात नव्हती.

७

यावरून चळवळींचा इतिहास टाकून द्यावा असा निष्कर्ष निघत नाही. तो काढणारा अभ्यासक एका साच्यातून सुटून निव्वळ आवडीनिवडीच्या स्वाधीन होतो. योग्य मार्ग असा की, प्रत्येक नाव हे उत्तर न समजता प्रश्न समजावे. हे नाव कोणी दिले, समर्थकाने, निंदकाने की पुढच्या इतिहासकाराने? वाद कोणाशी होता? कोणती सामग्री, कोणती बाजारपेठ, कोणती संस्था त्यामागे होती? आणि हे नाव स्वीकारल्याने कोणती कलाकृती दिसेनाशी होते? मराठीत द. ग. गोडसे यांनी ‘पोत’सारख्या संकल्पनेच्या आधारे कलाशैलीचा विचार मांडला, तो आयात संज्ञांच्या साखळीला पर्याय शोधण्याचाच प्रयत्न होता. अशा प्रयत्नांची संख्या फार नाही, ही खंतावण्याजोगी बाब आहे.

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात भिंतींवर सातवाहनकाळातील चित्रांचे अवशेष आहेत आणि स्तंभांवर पाचव्या शतकातील बुद्धप्रतिमा. दोहोंमध्ये शतकांचे अंतर आहे. एका स्तंभावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ मध्ये कोरलेले स्वतःचे नाव आहे. त्या लेण्यात चित्रावर ओरखडा काढणाऱ्याचे नाव आहे. चित्रकारांची नावे नाहीत आणि त्यांच्या चळवळीचे नावही नाही. तरीही रेषेच्या वळणावरून, रंगाच्या थरावरून, वस्त्रप्रावरणांवरून अभ्यासकांनी दोन काळ वेगळे केले. म्हणजे आधी पाहिले आणि मग इतिहास लिहिला. चळवळींच्या नामावळीने हा क्रम उलटा केला आहे. तो पुन्हा सुलटा करणे, हे विश्वकलेच्या अभ्यासकाचे पहिले काम होय.